पहिल्या हॉर्नची खुर्ची

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी पुढचा दात गेला. गेला म्हणजे काढला, आणि काढला तो माझ्याच बायकोने. दातांच्या डॉक्टरशी संसार करण्याचा हा एक तोटा आहे, दवाखान्यात गयावया करायची सोय नाही. मी तोंडात कापूस धरून "हळू, हळू" म्हणत होतो आणि ही मदतनीस बाईंना सांगत होती, "घरीसुद्धा असंच. नख कापायचं म्हटलं तरी आधी अर्धा तास विव्हळणार."

दुसऱ्या कोणाचा दात गेला असता तर तो चार दिवस सूप पिऊन कामाला लागला असता. माझं तसं नाही. मी सिंफनी ऑर्केस्ट्रात हॉर्न वाजवतो. पहिला हॉर्न, तीस वर्षं होऊन गेली. (माझा मेहुणा अजून विचारतो, ट्रकचा की बसचा. कंडक्टरचं नाव काढलं की तिकिटाचा विनोद करतो.) हॉर्नचं तोंड ओठांवर टेकतं आणि ओठ दातांवर. मागे दातच नाही, तर सूर टेकणार कशावर?

ही म्हणाली, "दुसरा दात बसवू. वाजवता येईल, घरी."

घरी म्हणजे सुरुवातीला घरी, हे उघडच आहे. पुढच्या मोसमात मी परत माझ्या खुर्चीत.

बुधवार, ६ मार्च

मॅनेजरबाईंनी बोलावलं होतं. आमच्या ऑर्केस्ट्राचा सगळा कारभार त्यांच्या डोक्यावर असतो, त्यामुळे त्या सदैव घाईत असतात. आज मात्र दार लावून घेतलं आणि स्वतः चहा ओतला. मी सावध झालो.

जूनमध्ये ऑर्केस्ट्राला साठ वर्षं होतात. त्यानिमित्त इतिहास छापायचा आहे. तो मी लिहावा.

"तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "आणि हे बघा, लिहायचं तर ऐकायलाही हवं. तालमींना बाल्कनीत येऊन बसत चला."

इतकी वर्षं या बाईंनी माझी पारख केली नाही असं मला वाटत असे. ते मत बदलतो. माझा हॉर्न तोवर 'नवी' सांभाळेल. नवी म्हणजे गेल्या वर्षी माझ्या मदतीला म्हणून घेतलेली मुलगी. अजून उमेदवारीवर आहे. वाजवते नीटनेटकं, पण तोंडातून शब्द काढत नाही. मधल्या सुट्टीत सगळे चहाला जमतात, तेव्हा ती वाद्यांच्या कोठीत जाऊन बसते. आमचा कंपू तिच्या तोलामोलाचा नसावा.

घरी येऊन हिला बातमी दिली. ही म्हणाली, "अरे वा," आणि पुढे काही विचारलं नाही. जणू तिला कालच कळलं होतं.

शुक्रवार, १५ मार्च

सभागृहाच्या दारात पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की हा वाद्यवृंद 'एका द्रष्ट्या पुरुषाच्या स्वप्नातून' जन्माला आला. मी पहिलं प्रकरण याच वाक्याने सुरू केलं आणि ते वाचून दाखवायला आक्कांकडे गेलो. आक्का आमच्या पहिल्या ओबोवादक (ओबो म्हणजे सनईची विलायती बहीण). आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या पहिल्या दिवसापासून होत्या, आणि त्या दिवसाचं आज त्यांच्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

वाक्य ऐकून आक्का इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला.

"स्वप्न कसलं रे? झोप मिळत नव्हती कोणाला, म्हणून झाला हा ऑर्केस्ट्रा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. प्रवासी जहाजांवर तेव्हा बँड असत. लोक विमानाने जाऊ लागले, जहाजं बंद पडली आणि तीन जहाजांचे तीन बँड एकाच वेळी किनाऱ्यावर येऊन पडले. सगळे खलाशांच्या वसतिगृहात. एकमेकांचं तोंड पाहत नसत. सकाळपासून तीन खोल्यांत तीन वेगळ्या चालींचा सराव, आणि प्रत्येकाचा प्रयत्न दुसऱ्याला बुडवण्याचा. अधीक्षक जेरीला आले. एके दिवशी सगळ्यांना वाद्यांसकट भोजनगृहात कोंडलं आणि बाहेरून म्हणाले, "एकच काहीतरी वाजवा, नाहीतर दुसरी जागा शोधा."

"आणि ते द्रष्टे पुरुष?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे मनगटी घड्याळ होतं. जेवायला कधी सोडणार ते त्यांनाच कळायचं, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायचे. बघता बघता झाले कंडक्टर."

आक्का स्वतः तोवर जहाजावर कधी चढल्याच नव्हत्या. ओबो त्यांच्या वडिलांचा. जन्म समुद्रावर गेलेल्या त्या माणसाला जमीन सोसेना. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना उभं राहिलं की गरगरायला लागलं, आणि मुलगी त्यांच्या जागी बसली. बसली ती चाळीस वर्षं.

"पहिला कार्यक्रम कसा झाला?"

"छान झाला. फक्त सगळे डोलायचे रे. जहाजावरची सवय. पन्नास माणसं एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांना मळमळायला लागलं."

हे पुस्तकात कसं घालायचं? द्रष्ट्या पुरुषाची नात अजून आमच्या विश्वस्त मंडळावर आहे.

मंगळवार, २६ मार्च

नवा दात बसला. आरशात बरा दिसतो. दुपारी हॉर्न काढून बघितला. आवाज निघाला तो चहाच्या किटलीसारखा. सराव लागणार.

लिखाण मात्र झपाट्याने होत आहे. रविवार सकाळचे रेडिओवरचे कार्यक्रम झाले, जे सतरा वर्षं एकदाही चुकले नाहीत. अकरा बंदरांचा दौरा झाला. त्यात आमचे म्हातारे वादक प्रत्येक बंदरात जुन्या ओळखी काढत हिंडत होते आणि एकाला तर शिडी उचलता उचलता जहाजावर ओढून घ्यावं लागलं. मग आली ती ध्वनिमुद्रिका. जगभरातल्या नव्वद ऑर्केस्ट्रांतून तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यातला संथ भागातला हॉर्न माझा. या प्रकरणाला जरा जास्त जागा लागली.

हिने रात्रीच्या जेवणाआधी वाचून काढलं.

"रेडिओ दोन पानं. दौरा तीन पानं. तुमचा हॉर्न अकरा पानं."

"महत्त्वाचा टप्पा आहे तो."

"त्यात तुमच्या त्या दिवशीच्या सर्दीवर एक अख्खं पान आहे."

दोघांत मिळून चार पानांवर आणलं. सर्दीच्या दोन ओळी मी झगडून राखल्या.

मंगळवार, ९ एप्रिल

आज पहिल्यांदा बाल्कनीत बसलो. आमच्यातल्या कोणालाच हे सुचत नाही, पण मी माझा स्वतःचा ऑर्केस्ट्रा समोरून कधी ऐकलेला नव्हता. हॉर्नवाल्याच्या वाट्याला काय येतं? समोर बसूनवाल्याची पाठ (हे वाद्याचं नाव आहे आणि ते बसूनच वाजवतात, मेहुण्याला हाही विनोद फार आवडतो), मागे धडामचे नगारे. धडाम म्हणजे आमचा नगारेवाला, माझा जुना दोस्त. त्याच्या पुढ्यात तीस वर्षं बसून माझा उजवा कान अर्धा गेला आहे. व्हायोलिनं मला कायम लांबून, शेजारच्या घरात लग्नाची गडबड चालावी तशी ऐकू आली.

आणि आज समोरून बघतो तो काय. चेलो किती खाली, किती जवळ. जणू आपल्याच बाकाखालून सूर येतोय. पहिल्या दहा मिनिटांत मी वही उघडलीच नाही.

दोन गोष्टी नोंदवतो. एक, माझी खुर्ची रिकामी ठेवली आहे. नवी पहिल्या हॉर्नचंच वाजवते, पण कडेच्या खुर्चीवर बसून, पडद्याला लागून. व्यवस्थापनाने माझ्या परतण्याची अशी बूज राखली, हे पाहून डोळे भरून आले. मॅनेजरबाईंना जिन्यात भेटून आभार मानले. त्या "अं, हो," म्हणाल्या आणि लगबगीने गेल्या. प्रौढी मिरवायची सवय नाही त्यांना.

दोन, हॉर्न कमी पडतो. सूर खरा असतो, पण कोणी शेजारच्या खोलीतून वाजवावा असा. कंडक्टरने तीनदा थांबवलं. मला बरं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं ते वाटलं.

सोमवार, २२ एप्रिल

संध्याकाळी नवी घरी आली. फोन न करता. दारात उभी राहून म्हणाली, "सर, दोन मिनिटं वेळ आहे का?"

तिला ध्वनिमुद्रिकेतल्या त्या संथ भागाविषयी विचारायचं होतं. जूनच्या कार्यक्रमात तोच वाजवायचा आहे. लांबलचक ओळीत मी श्वास कुठे घेतला, ते तिला शंभरदा ऐकूनही सापडलेलं नाही.

मी ओळखलं, परीक्षा घेते आहे. सर्दीमुळे मी भलत्याच ठिकाणी श्वास घेतला होता आणि ते पकडायला ती आली. मी सांगितलं, "ते ज्याचं त्याने शोधायचं असतं." तिने मान हलवली, "हो सर," म्हणाली, आणि जायला निघाली.

हिने मात्र तिला अडवून चहाला बसवलं. तासभर दोघी स्वयंपाकघरात गप्पा मारत होत्या, आणि माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलणारी ती मुलगी चक्क हसत होती. ती गेल्यावर विचारलं, इतकं काय चाललं होतं? ही म्हणाली, "दातांचं." मग कपबशा विसळता विसळता म्हणाली, "कोठीत जाऊन बसते ना ती मधल्या सुट्टीत, ती सराव करते. तुम्हा लोकांसमोर चूक व्हायला नको म्हणून. चहाला यावंसं खूप वाटतं तिला."

असेल. मला कोणी सांगितलं नाही.

रविवार, ५ मे

पुराचं प्रकरण संपवलं. मला सगळ्यांत आवडलेलं हेच, आणि यात मी कुठेच नाही. ती माझ्या आधीची गोष्ट आहे.

नदी गावात शिरली तेव्हा आमचं सभागृह उंचावर म्हणून कोरडं राहिलं. पाचशे माणसं आठवडाभर तिथे राहिली. ऑर्केस्ट्राने तालीम बंद ठेवायची ठरवली, तर लोकच म्हणाले, वाजवा, नुसतं बसून काय करायचं? चेलोंच्या पेट्यांवर कपडे वाळत होते. एक तान्ही मुलगी फक्त बसूनच्या शेजारी झोपायची, वादकाने थांबवलं की रडायची. बिचारा जेवणसुद्धा हप्त्याहप्त्याने करायचा. हे धडामने सांगितलं, त्याचे वडील तेव्हा नगारे वाजवत. नगाऱ्यांवर लोक पत्ते खेळायचे, म्हणून वडिलांनी पूर ओसरल्यावर आठवडाभर अबोला धरला होता.

बुधवारच्या तालमीला कोणीही येऊन बसावं, ही आमची पद्धत तेव्हापासूनची. मला वाटत होतं तो कुठला तरी नियम आहे.

गुरुवार, १६ मे

आज निवड समितीची बैठक होती. नवीची उमेदवारी महिनाअखेर संपते. ठेवायची की नाही ते समितीतल्या सात जणांनी ठरवायचं. सातवा मी.

मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. तर तिथे हातघाईच चाललेली. कंडक्टर म्हणाले, "आवाज पोचत नाही. जूनचा कार्यक्रम तोंडावर आलाय आणि त्यातला हॉर्न मला ऐकू येत नाही. शिवाय हट्टी आहे."

"हट्टी कशी?" मी विचारलं.

मग धडाम माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉर्नराव, ती त्या खुर्चीत बसत नाही. पहिल्या दिवसापासून सांगतोय सगळे. म्हणते, ती सरांची आहे."

मी मॅनेजरबाईंकडे पाहिलं. त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. टोक आधीच होतं.

तीन बाजूने, तीन विरुद्ध. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला वेळ हवा. महिनाअखेरपर्यंत पुढे ढकललं.

घरी चालत आलो. आभार मानले होते मी बाईंचे, जिन्यात, डोळ्यांत पाणी आणून. आणि त्या मुलीला दारातून हाकललं होतं. कान गरम झाले ते अजून उतरलेले नाहीत. पण लिहिताना हेही लिहायला हवं की चालता चालता एक विचार आला. ती तशीच कडेला बसली, तर तिला काढतील. मग दुसरं कोणी शोधेपर्यंत वेळ जाईल. तोवर माझा दात रुळेल.

हिला हा विचार सांगितला. ती म्हणाली, "दात मी बसवलाय. किती पेलेल ते मला माहीत आहे. मार्चमध्ये सांगितलं होतं मी तुम्हाला."

"घरी, असं म्हणाली होतीस."

"हो. घरी."

शुक्रवार, १७ मे

तालमीला गेलो, पण बाल्कनीत गेलो नाही. सरळ रंगमंचावर गेलो. सगळे वाद्यं लावत होते. नवी उठून उभी राहिली.

मी म्हणालो, "या जागेवर तुझ्या मागे काय आहे?"

"पडदा, सर."

"हॉर्नचा आवाज पुढून निघतो की मागून?"

"मागून."

"मग तू अडीच महिने पडद्याला ऐकवते आहेस. त्या खुर्चीमागे, नगाऱ्यांपलीकडे, लाकडी भिंत आहे. सूर तिच्यावर आपटतो आणि अख्ख्या सभागृहात जातो. माझ्यात काही विशेष नव्हतं, भिंत चांगली होती. बस तिथे."

ती हलली नाही. "तुम्ही परत येणार आहात ना, सर?"

आजूबाजूचे सगळे आपापल्या वाद्यांत भलतेच गुंतले. धडाम नगाऱ्याचा एकच स्क्रू फिरवत बसला होता.

"नाही," मी म्हणालो. बोलून गेल्यावर कळलं की हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हणतो आहे. आवाज साधा निघाला. "दाताने साथ सोडली. आणि त्या लांब ओळीत मी श्वास दुसऱ्या सुरानंतर घेतला होता. घेऊ नये तिथे. नाक चोंदलं होतं म्हणून. तू तुझ्या सोयीने घे."

ती बसली. खुर्ची तिला उंच होत होती. मी वाकून खाली केली, कारण त्या खुर्चीचा खटका जरा रुसका आहे, तो डावीकडून दाबावा लागतो.

मग बाल्कनीत गेलो. संथ भाग लागला. चेलो थांबले आणि हॉर्न आला. कुठून आला ते सांगता येणार नाही, चारी बाजूंनी आला. मी तीस वर्षं हेच वाजवत होतो, आणि लोकांना काय ऐकू जात होतं ते मला माहीतच नव्हतं. कंडक्टरने थांबवलं नाही.

रुमाल घरी विसरलो होतो.

शुक्रवार, ३१ मे

समिती पाच मिनिटांत संपली. सातही हात वर. कंडक्टरचा सगळ्यांत आधी.

मधल्या सुट्टीत नवी चहाला आली. धडामने तिला बसचा की ट्रकचा, असं विचारलं. मी त्याला माझ्या मेहुण्याचा पत्ता देणार आहे.

पुस्तक छापायला गेलं. पहिलं प्रकरण भोजनगृहापासूनच सुरू होतं. द्रष्ट्या पुरुषाच्या नातीला आधी वाचायला दिलं होतं, धीर एकवटून. तिने घड्याळाचा भाग दोनदा वाचला आणि म्हणाली, "आजोबा घरीही जेवणाची वेळ कधी चुकवत नसत." तिने ते घड्याळ छायाचित्रासाठी आणून दिलं.

रविवार, १६ जून

काल साठ वर्षांचा कार्यक्रम झाला. सभागृह तुडुंब. आक्का पहिल्या रांगेत होत्या आणि सुरुवातीलाच त्यांना मानाने उभं केलं. लोक टाळ्या वाजवत राहिले तेव्हा त्यांनी हाताने 'पुरे, वाजवा आता' अशी खूण केली.

मी हिच्याशेजारी बसलो होतो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कार्यक्रमात आम्ही एकत्र कधी बसलोच नव्हतो. मी वर, ती खाली. तिची जागा ठरलेली, सहावी रांग, मधोमध.

संथ भाग लागला तसे तिने डोळे मिटले. मला वाटलं, किती तल्लीन होते ही. थोड्या वेळाने तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मग बारीक घोरणंही ऐकू आलं. मी दचकून आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या गृहस्थांनी मला हाताने सांगितलं, असू द्या, असू द्या. त्यांना सवय असावी.

हॉर्न यायच्या दोन सूर आधी ती आपोआप जागी झाली. ताठ बसली आणि तिची नजर थेट वर गेली, नगाऱ्यांच्या पुढे, माझ्या खुर्चीकडे. तिथे नवी. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मी घरात नसताना ही कशी दिसत असेल ते मला कळलं. मग तिने वळून पाहिलं.

"तुम्ही इथे होय," ती हळूच म्हणाली आणि माझा हात धरला. नवीने तो भाग अप्रतिम वाजवला. दुसऱ्या सुरानंतर श्वास घेतला, घेऊ नये तिथे, आणि फार चांगला लागला.

घरी येताना मी विचारलं, "इतकी वर्षं हेच चाललंय?"

"दिवसभर उभी असते मी दवाखान्यात. दिवे मंद झाले, खुर्ची मऊ, काय करणार? पण तुमचा हॉर्न एकदाही चुकवलेला नाही. बरोबर जाग यायची."

मी म्हणालो, "पुढच्या मोसमाची दोन तिकिटं काढू. शेजारशेजारची."

"काढा," ही म्हणाली. "पण जरा मागची घ्या. सहाव्या रांगेत झोपलं की व्हायोलिनवाल्यांना दिसतं."